आपला मुलूख, सायकलीच्या वेगाने

महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर आता सायकल शोधावी लागते. पाटीवर अजून ‘सायकल स्टँड’ असेच लिहिलेले आहे, परंतु पत्र्याखाली उभ्या असतात त्या मोटारसायकली आणि स्कूटी. कोपऱ्यात दोन-तीन सायकली दिसतात. त्यांतली एक शिपाईमामांची, एक ग्रंथालयातल्या काकांची, आणि उरलेली एखाद्या अशा विद्यार्थ्याची, की ज्याला घरून दुसरे काही मिळू शकत नाही. सायकल म्हणजे गरिबीची खूण, अशी समजूत आपण मुकाट्याने करून घेतली आहे. त्या समजुतीविरुद्ध चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

प्रदूषण, व्यायाम, पेट्रोलची बचत हे नेहमीचे मुद्दे मी बाजूला ठेवते. ते खरेच आहेत, पण निबंधस्पर्धांतून ते इतक्यांदा येऊन गेले आहेत की वाचकांना ते तोंडपाठ असतील. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या मुलखात आपण राहतो, तो सायकलीच्या वेगाने हिंडल्याशिवाय आपल्याला कळणार नाही. आणि तो कळावा हे पाहणे कला शाखेच्या महाविद्यालयाचे कर्तव्यच आहे.

दरवर्षी आपली सहल निघते. बस ठरते, वर्गणी गोळा होते, पहाटे चारला सगळे जमतात. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद झाले की पुढच्या वर्षी महाबळेश्वर, त्याच्या पुढच्या वर्षी कोकण. बसमध्ये गाणी लागतात, भेंड्या होतात आणि खिडकीबाहेर मराठवाडा उलट्या दिशेने पळत जातो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पाहायचे म्हटले तरी ताशी साठ किलोमीटरने पळणारे शेत पाहायचे कसे? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पण त्या पाळण्याच्या दोऱ्या कोणत्या डोंगरांना बांधलेल्या आहेत, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

पायी माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. जुन्या जालन्याहून अंबड पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे जाण्यातच दिवस संपला. मोटार अर्ध्या तासात पोहोचवते, पण वाटेतले काही म्हणजे काही हाती लागू देत नाही. साधी सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जाते, आणि तेवढेच अंतर चालायला जी शक्ती खर्च होते तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात काम भागवते. सकाळी सहाला निघालेला सायकलस्वार पंचवीस किलोमीटरवरचे गाव पाहून, चहा पिऊन, चार माणसांशी बोलून दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. वेग एवढाच, की बांधावरच्या माणसाने ‘कुठले पाव्हणे?’ विचारले तर त्याला उत्तर देता येते. तुरीच्या शेतावरून आलेला वारा आणि मोसंबीच्या बागेवरून आलेला वारा यांतला फरक नाकाला कळतो. मुख्य म्हणजे चढ आणि उतार पायांना कळतात. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्च रेषा ज्यांच्या डोक्यात शिरत नाहीत, त्यांच्या पोटऱ्यांत त्या बरोबर शिरतात.

घाणेवाडीचेच उदाहरण घ्या. कुंडलिकेवरचा हा तलाव निजामाच्या राजवटीत बांधला गेला. आज त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. त्याचे पाणी विजेच्या पंपाशिवाय, केवळ उताराने जालन्यात येते, हे आपण ऐकलेले असते आणि विसरलेलेही असते. सायकलीवरून घाणेवाडीला जाणारा ते विसरू शकत नाही. जाताना पॅडल जड लागते, येताना सायकल आपोआप धावते. ज्या उताराने आपण न दमता घरी येतो, त्याच उताराने पाणी गावात आले, हे तेव्हा कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने पाण्याचे जे हाल सोसले, ते आपल्या घरच्या मोठ्यांना आठवत असतील. या तलावातला गाळ काढण्यासाठी गावच्या नागरिकांनी पुढाकार घेतला, ही अलीकडचीच गोष्ट आहे. पाणी येते कुठून हे ज्याने पायांनी मोजले, त्याला त्या कामाचे मोल अधिक कळेल.

दक्षिणेला अंबड. तिथल्या टेकडीवरच्या देवीचे नाव मत्स्योदरी, कारण टेकडीचा आकार माशासारखा. जे मोटारीने जातात ते थेट पायथ्याशी उतरतात, पायऱ्या चढतात, दर्शन घेतात आणि ‘यात मासा कुठे आहे?’ असे विचारत परत येतात. मासा पायथ्याशी दिसत नाही. तो लांबून दिसतो. ज्यांनी हे नाव ठेवले ते लोक बैलगाडीने किंवा पायी, ती टेकडी तासभर नजरेसमोर ठेवून येत असत. नावाचा अर्थ समजायला नाव ठेवणाऱ्याची चाल असावी लागते. अंबड होळकरांच्या ताब्यात होते. अहिल्याबाईंनी तिथे देवळांची आणि बारवेची कामे करवली. बारवेच्या पायऱ्या उतरून खाली जा आणि विचार करा: हा दगड, ही मजुरी, ही आखणी कोणत्या प्रवाशासाठी होती? तहानलेल्या, घाम आलेल्या, हळू चालणाऱ्या. बाटलीबंद पाणी घेऊन गाडीतून उतरणाऱ्याला बारव हे फोटोचे ठिकाण वाटते. पंचवीस किलोमीटर पॅडल मारून आलेल्याला ती उपकार वाटते.

आता उत्तरेकडे वळू. जालना शहर दुधनेच्या खोऱ्यात, भोकरदन पूर्णेच्या खोऱ्यात, आणि मध्ये अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. राजूरचा गणपती याच चढउतारांच्या प्रदेशात टेकडीवर बसला आहे. अंगारकीला जालन्याहून कितीतरी लोक राजूरला पायी जातात, म्हणजे हे अंतर आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलेच आहे. पुढे केदारखेड्याला पूर्णा ओलांडली की केळणेकाठचे भोकरदन येते. हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, असे तिथले शिलालेख सांगतात. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला. १९३८ साली इटलीत पाँपेई येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचे फार साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावाचे नाते इतक्या लांब पोहोचले होते, आणि आपल्यातले कित्येक जण भोकरदनला फक्त एस.टी.च्या फलाटापुरते ओळखतात.

भोकरदनच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे व नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. पण त्याला त्याची सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले, तेव्हा त्याने नाव घेतले ते असईचे. इतिहासाच्या पेपरात आपण सन आणि निकाल लिहितो. त्या लढाईचा खरा धडा मात्र पेपरात येत नाही, कारण तो रस्त्यावरचा आहे.

२१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. जालना आणि भोकरदन यांच्यामधल्या ज्या टेकड्यांचा उल्लेख वर केला, त्यांना दोन बाजूंनी वळसा घालून जायचे ठरले: स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून, वेलस्लीने पूर्वेकडून. दोघांनी मिळून २४ तारखेला हल्ला करायचा होता. पण २३ लाच वेलस्लीला कळले की मराठ्यांची फौज अगदी जवळ आहे. समोर केळणा, पलीकडे तोफा. वाटाड्यांनी सांगितले की जवळपास नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले की पुढे नदीच्या अलीकडच्या काठावर एक गाव आहे आणि बरोबर त्याच्यासमोर पलीकडच्या काठावर दुसरे: पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडले की दोन गावे इतकी समोरासमोर वसली आहेत, त्या अर्थी त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. उतार निघाला. फौज पलीकडे गेली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर लढाई झाली. मराठ्यांच्या गोलंदाजांनी शर्थ केली. इंग्रजांकडचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे १,६०० झाले. तरीही दिवस इंग्रजांचा ठरला.

मित्रहो, या प्रसंगाचा मला राग येतो आणि लाजही वाटते. समोरासमोरची गावे आपली, नदी आपली, उतार आपला, आणि ते वाचले परक्याने. तो घोड्यावर होता, बेताच्या वेगाने चालला होता, आणि गावे का वसतात याचा विचार करीत होता. गेल्या थंडीत आम्ही पाच जणी भोकरदनला मैत्रिणीच्या घरी मुक्काम करून, तिच्याच गल्लीतल्या सायकली मागून घेऊन असईकडे गेलो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, तासाभरात चार मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर. नदीजवळ गवताचा भारा घेऊन निघालेल्या एका मावशींना आम्ही विचारले, पलीकडे कुठून जायचे? त्यांनी हनुवटीनेच दाखवले, ‘उतार तिथं हाय.’ दोनशे वर्षांनंतरही शब्द तोच. पुस्तकात तो ‘फोर्ड’ झाला आहे आणि आपण तो इंग्रजी शब्द पाठ करतो.

अशा वाटा जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पूर्वेला नाव्ह्यावरून सिंदखेडराजा तीस-पस्तीस किलोमीटर. जिल्हा बदलतो, पण पायांना त्याचे काय? १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानतात आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे मोठी गर्दी होते. गर्दी नसतानाच्या एखाद्या सकाळी जा. राजवाडा, लखुजी जाधवांची समाधी, निळकंठेश्वर, पुतळा बारव, तलाव हे सारे सायकल लावून एकेक करून पाहता येते. जुनेच पाहायचे असेही नाही. जालना तालुक्यातलेच कडवंची घ्या. १९९० च्या दशकात तिथे पाणलोटाचे काम सुरू झाले. डोंगरउतारावर चर खोदले गेले, शेततळी झाली, आणि कोरडवाहू गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. पन्नास वर्षांनी कडवंचीलाही ऐतिहासिक गाव म्हणतील. ते घडत असताना पाहण्याची संधी आपल्याला आहे.

आणि सायकलीसाठी आजच्यासारखे दिवस पूर्वी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आपल्या आजोबांच्या काळात गावोगाव सायकली होत्या, पण रस्ते म्हणजे गाडीवाटा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि गावाला गाव जोडणारे छोटे डांबरी रस्ते झाले. जड वाहतूक मोठ्या रस्त्यांवर. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरपासून शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तो आपल्या जालन्याजवळून आणि सिंदखेडराजाजवळूनही जातो. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही मज्जाव आहे. त्याला माझी हरकत नाही. ज्याला नागपूर गाठायचे आहे त्याने तिकडून जावे. पण आपल्या वाट्याला आलेला हा शांत, अरुंद, डांबरी रस्त्यांचा ठेवा आपण वापरला नाही, तर त्याची कोणाला किंमत राहणार नाही. जो रस्ता कोणी प्रेमाने वापरत नाही, त्याच्या कडेचा लिंब तोडताना कोणी ‘थांबा’ म्हणत नाही.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला, धोका. मोठ्या रस्त्यांवर धोका आहेच, आणि म्हणूनच मी आतल्या रस्त्यांचा आग्रह धरते. पहाटे निघावे, अकराच्या आत परतावे, मोठा रस्ता फक्त ओलांडावा, त्यावरून चालवू नये, मागे तांबडी काच असावी, डोक्यावर हेल्मेट असावे. दुसरा, ऊन. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने आपल्याकडे याच कामासाठी दिल्यासारखे आहेत. तिसरा, आमच्या सायकलींना गिअर नाहीत, चढ कसे चढणार? चढावर खाली उतरून सायकल हाताने ढकलावी. त्यात कसली आली लाज? १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ साली ती पुरी करून परत आले. त्यांच्या सायकली काही आजच्या हजारो रुपयांच्या नव्हत्या. पंप, पान्हा, सोल्युशन आणि खरकागद एवढे बरोबर असले की भोकरदनपर्यंत कोणाचे अडू नये.

चौथा आक्षेप सभ्य शब्दांत येतो: ‘मुलींचे कसे?’ यावर मात्र मी जरा स्पष्ट बोलणार आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. मलाही आठवीत मिळाली. आमच्या वस्तीवरून शाळा चार किलोमीटर. पाच वर्षे आम्ही मुली घोळक्याने, थंडी-पावसात, त्या वाटेने गेलो आणि आलो. कोणी म्हटले नाही की हे मुलींना झेपणार नाही. बारावी झाली, जालन्याला कॉलेजात नाव घातले, आणि सायकल धाकट्या बहिणीकडे गेली ते ठीकच. पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी गेले. आता कुठेही जायचे तर भावाला वेळ आहे का, रिक्षाला पैसे आहेत का, बस कधी आहे, हे विचारावे लागते. चौदाव्या वर्षी जिला रोज आठ किलोमीटर एकटीच्या जोरावर जाता येत होते, तिला विसाव्या वर्षी शहरात अडून राहावे लागते. शिक्षणाने पाऊल पुढे पडावे की मागे? ‘मुलींचे कसे?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सकाळी साडेसहाला कोणत्याही खेड्याच्या फाट्यावर उभे राहून पाहावे. उत्तर रांगेने येताना दिसेल.

शेवटी, नुसता उपदेश करून लेख संपवणे बरे नव्हे, म्हणून काही मागण्या मांडते. प्राचार्य व प्राध्यापक मंडळींनी त्यांचा विचार करावा ही विनंती.

वार्षिक सहल बसने जावो. पण वर्षातून निदान दोन सहली सायकलीवरून निघाव्यात: एक घाणेवाडीची, नवख्यांसाठी, आणि एक अंबडची. असईसाठी भोकरदनला मुक्काम करावा लागेल. ती तिसऱ्या वर्षाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करावी, आणि सरांनी लढाईचा तास केळणेच्या काठावर घ्यावा. जिमखान्याने दहा सायकली घ्याव्यात. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांना, आणि विशेषतः वसतिगृहातल्या मुलींना, त्या नाममात्र भाड्याने मिळाव्यात. एके काळी गावोगावच्या दुकानांतून तासावर सायकल मिळत असे; तीच सोय महाविद्यालयात पुन्हा सुरू करायला फार मोठी रक्कम लागणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर ज्या गावी असेल, तिथे विद्यार्थ्यांनी सायकलीने जावे. आणि भूगोल, इतिहास व मराठी या तीन विभागांनी मिळून जिल्ह्याचा एक नकाशा काढावा: कोणता रस्ता शांत, चढ कुठे, पाणी कुठे, बारव कुठे, कोणत्या गावाचे नाव कशावरून पडले. गावकऱ्यांना विचारून भरलेला असा नकाशा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तो पुढच्या अंकात छापता येईल.

सुरुवात करायला समितीची आणि ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही काही जणी आणि काही जण महाविद्यालयाच्या फाटकाशी घाणेवाडीसाठी जमणार आहोत. ज्यांच्याजवळ सायकल आहे त्यांनी आदल्या दिवशी हवा भरून, साखळीला तेल घालून ठेवावे. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी शिपाईमामांना विचारावे. त्यांनी त्यांची सायकल रविवारी द्यायचे कबूल केले आहे.